बिननावाच्या जाळ्यात शेजार ओळखताना

वीसेक वर्षांपूर्वी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अनेक स्टुडिओंत फायरवायर नावाची एक केबल हमखास असायची. मिनी डीव्ही कॅसेटवरचं चित्रीकरण कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं तर ती लागायचीच. १९९५ साली ठरलेल्या मानकात तिची नोंद आयईईई १३९४ अशी आहे. केबल जोडली की कॅमेरा, कॉम्प्युटर, हार्ड डिस्क एकमेकांना आपसूक ओळखत. कुणाला पत्ता द्यावा लागत नसे की कुठलं सेटिंग भरावं लागत नसे. पापणी लवायच्या आत त्या तारांमध्ये जे उरकायचं, ते संगणकशास्त्रातल्या एका अवघड प्रश्नाचं उत्तर होतं: ज्यांना स्वतःचं नावही नाही अशा यंत्रांनी आपल्या भोवतालची जोडणी ओळखायची कशी?

फायरवायरच्या साखळीत एखादी केबल जोडली किंवा काढली, की सगळी उपकरणं जोडणीबद्दलची आधीची माहिती टाकून देतात. पाटी कोरी. प्रत्येकाला एवढंच कळतं, की आपल्या अमुक इतक्या पोर्टांच्या पलीकडे कोणीतरी आहे. ज्याचं एकच पोर्ट जोडलेलं आहे तो टोकाचा. तो त्या पोर्टवरून ‘तू माझा पालक’ असा निरोप पाठवतो. पलीकडचा ते पोर्ट ‘मूल’ म्हणून नोंदवून घेतो. ज्याची एक सोडून बाकी सगळी पोर्टं अशी नोंदली गेली, तो उरलेल्या पोर्टवरून तसाच निरोप पुढे धाडतो. टोकांकडून निघालेले निरोप आत आत सरकत जातात, आणि ज्याच्याकडे सगळ्याच पोर्टांवरून निरोप येऊन पोचतात तो मूळ, म्हणजे रूट, ठरतो.

मग रूट एकेका फांदीला बोलायची पाळी देतो. ज्याची पाळी येते त्याने फक्त आधी किती जण बोलून गेले ते मोजायचं आणि तोच आकडा आपला क्रमांक म्हणून घ्यायचा. पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक, आणि सगळ्यात मोठा आकडा रूटला. आपलं कुठलं पोर्ट पालकाकडे जातं, कुठलं मुलाकडे आणि कुठलं रिकामं आहे, हेही प्रत्येकजण सांगतो. बाकीचे ऐकत असतात. त्यामुळे शेवटचा बोलून झाला की कोणालाही सगळ्या जोडणीचा नकाशा काढता येतो. एका साखळीत अशी ६३ उपकरणं बसतात.

यात एक अडचण येऊ शकते, आणि ती फार शिकवून जाणारी आहे. समजा कॅमेरा आणि कॉम्प्युटर अशी दोनच उपकरणं आहेत. दोघंही टोकाची. दोघंही एकाच वेळी एकमेकांना म्हणतात, ‘तू माझा पालक’. आता रूट कोण? दोघांत तंतोतंत एकच नियम भरलेला आहे. एकाने माघार घेतली तर दुसराही त्याच क्षणी घेणार, एकाने पुन्हा निरोप पाठवला तर दुसराही पाठवणार. कितीही हुशार नियम लिहा, दोघं आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांची नक्कल करत राहतील. म्हणून मानक लिहिणाऱ्यांनी इथे नशिबाची मदत घेतली. दोघांनीही मनातल्या मनात नाणं उडवायचं. छापा पडला तर थोडं थांबायचं, काटा पडला तर जास्त. हे थांबणं मायक्रोसेकंदाच्या घरातलं असतं. दोघांचं नाणं वेगळं पडलं की ज्याने आधी निरोप पाठवला तो मूल आणि दुसरा रूट. सारखंच पडलं तर पुन्हा उडवायचं. प्रमेयाच्या भाषेत संगणकाचे नियम तपासणाऱ्या संशोधकांनी पुढे बरीच वर्षं या छोट्याशा तंट्यावर आपली साधनं पाजळून घेतली.

दुसरी अडचण मात्र नाण्याने सुटत नव्हती. कोणी केबल अशा जोडल्या की त्यांचं वर्तुळ झालं, तर त्या वर्तुळावरच्या प्रत्येकाची कायम दोन पोर्टं नोंदवायची राहतात. ‘एक सोडून बाकी सगळी’ ही अट कधीच पुरी होत नाही. सगळे एकमेकांची वाट बघत बसतात आणि ठरलेला वेळ उलटला की जोडणी फसली असं जाहीर होतं. आपण वर्तुळात अडकलो आहोत, हे त्यातल्या कोणालाच दिसत नाही; कळतं ते एवढंच, की काहीतरी अडलं आहे.

वर्तुळ का दिसत नाही? याचं उत्तर फायरवायरच्या कितीतरी आधी सापडलं होतं. १९८० साली डेना अँग्लुइन या अमेरिकी संशोधिकेने निनावी जाळ्यांवर एक शोधनिबंध मांडला, आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तिथे घातला गेला. निनावी जाळं म्हणजे असं नेटवर्क, ज्यातल्या कुठल्याही नोडला, म्हणजे जोडलेल्या घटकाला, स्वतःचा असा वेगळा क्रमांक नाही. सगळ्यांत एकच प्रोग्राम. प्रत्येक नोडला आपली पोर्टं ओळखता येतात, एक नंबरचं, दोन नंबरचं. पण त्या पोर्टच्या पलीकडे कोण आहे हे निरोपातूनच काय कळेल तेवढं.

अशी जाळी काही केवळ कागदावरची नाहीत. शेतात किंवा पुलावर शेकड्यांनी पसरायच्या स्वस्त सेन्सरना कारखान्यात वेगळा क्रमांक द्यायचा म्हणजे खर्च. कधी क्रमांक असतो, पण तो सांगायचा नसतो: २०१४ पासून आयफोन वायफाय शोधताना आपला खरा पत्ता लपवून बनावट पत्ता पुढे करू लागले, कारण खऱ्या पत्त्यावरून माणसाचा माग काढता येतो. आणि सजीवांच्या पेशींना तर क्रमांक कधी नव्हतेच.

चौकाभोवती बांधलेल्या चाळीची कल्पना करावी. सगळ्या खोल्या हुबेहूब सारख्या, दारं बंद, खिडक्या बंद. शेजाऱ्याशी बोलायचं ते फक्त भिंतीवर टकटक करून. डावीकडच्याला विचारलं, ‘तुझ्या पलीकडे कोण?’ उत्तर येतं, ‘एक खोली.’ ‘आणि तिच्या पलीकडे?’ ‘अजून एक खोली.’ दहाव्या प्रश्नाला समोर आलेली खोली नवी आहे की आपलीच, हे कळायचं कसं? तिच्यावर नाव नाही. आपल्याच खोलीबद्दलचं उत्तर फिरून आपल्याकडे आलं, तरी ते आपलंच आहे हे ओळखायची खूण नाही. चौकाभोवती तीन खोल्या असोत, सहा असोत की तीन हजार, आत बसलेल्याला ऐकू येणारी टकटक सारखीच.

अँग्लुइन यांच्या युक्तिवादाचा गाभा हाच आहे. सहा नोडांचं वर्तुळ हे तीन नोडांच्या वर्तुळाभोवती दोनदा गुंडाळलेलं आहे असं मानता येतं. मग सगळे एका तालात चालत असतील, तर मोठ्या वर्तुळातला प्रत्येक नोड लहान वर्तुळातल्या आपल्या जोडीदारासारखाच वागतो: तेच निरोप, त्याच फेरीला, त्याच पोर्टवरून. नियम कोणताही असो. म्हणून ‘आपण त्रिकोणात आहोत का?’ या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. आजवर कोणाला जमला नाही एवढ्यावर हे थांबत नाही. जमणं शक्यच नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

इथे एक शंका यायला हवी. एकूण किती नोड आहेत हे आधीच सांगून ठेवलं तर? वर्तुळापुरता तेवढा आकडा पुरतो. पण सहा नोडांची ही दोन जाळी पाहा. पहिल्यात एकावर एक असे दोन त्रिकोण आहेत आणि वरचा प्रत्येक कोपरा खालच्या कोपऱ्याला उभ्या तारेने जोडलेला. दुसऱ्यात तीन नोड डावीकडे, तीन उजवीकडे, आणि डावीकडचा प्रत्येकजण उजवीकडच्या तिघांना जोडलेला. दोन्हींत नोड सहा, तारा नऊ, प्रत्येकाला शेजारी तीन. पोर्टांचे क्रमांकही असे लावता येतात, की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा येतो. पहिल्या जाळ्यात प्रत्येक नोड एका त्रिकोणाचा भाग आहे. दुसऱ्यात एकही त्रिकोण नाही. आणि आतल्या नोडला या दोन जाळ्यांतला फरक कधीही कळत नाही, मग ‘आपण सहा जण आहोत’ हे त्याला ठाऊक असलं तरी.

त्या नोडला काय विचारलं जात होतं, हे नीट पाहिलं की या निष्कर्षाचा धक्का बसतो. ‘माझे दोन शेजारी एकमेकांचे शेजारी आहेत का?’ एवढाच तो प्रश्न आहे. हजारो नोड पलीकडची बातमी नको, फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्यांची हवी. नोडांना नावं असती तर एका फेरीत काम झालं असतं: प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यांची यादी पाठवायची आणि आलेल्या याद्यांत आपल्या शेजाऱ्यांची नावं शोधायची. नावं काढून घेतली की हा सगळ्यात जवळचा प्रश्नही हाताबाहेर जातो. अंतर कमी असलं की माहिती आपोआप मिळते, ही आपली समजूत निनावी जाळ्यात टिकत नाही.

मग नोडला कळतं तरी काय? जपानचे मासाफुमी यामाशिता आणि कॅनडात काम करणारे त्सुनेहिको कामेदा यांनी १९८८ पासून या प्रश्नाचं नेमकं उत्तर मांडलं. प्रत्येक फेरीला प्रत्येक नोडने आपल्याला माहीत आहे ते सगळं शेजाऱ्यांना सांगायचं आणि त्यांचं सगळं ऐकून आपल्या माहितीला जोडायचं. असं करत गेलं की त्याच्याकडे एक झाड उभं राहतं. बुंध्याशी तो स्वतः, पहिल्या फांद्यांवर शेजारी, पुढच्या फांद्यांवर शेजाऱ्यांचे शेजारी. त्यांत तो स्वतःही पुन्हा येतो, पण अनोळखी म्हणून. खऱ्या जाळ्यातली वर्तुळं या झाडात उलगडून सरळ होतात आणि अनंतापर्यंत पसरत जातात. नोडला जे काही कळू शकतं ते सगळं या झाडात असतं. झाडाबाहेरचं काहीही, ठरलेल्या नियमाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला कळत नाही. दोन नोडांची झाडं सारखी असली तर ते दोन नोड जन्मभर सारखेच राहिले.

झाड अनंत असेल तर दोन झाडं सारखी आहेत हे ठरवायला अनंत काळ लागेल का? इथे गणित मदतीला येतं. नॅन्सी नॉरिस यांनी १९९५ साली दाखवलं, की जाळ्यात जितके नोड आहेत त्याहून एक कमी इतक्या पातळ्यांपर्यंत दोन झाडं जुळली, तर ती पुढे कधीच वेगळी होत नाहीत. शंभर नोडांच्या जाळ्यात ९९ पातळ्या पुरतात. त्यामुळे एकूण संख्या माहीत असलेल्या नोडला कधी थांबायचं हे कळतं. आणि सगळ्यांची झाडं एकमेकांहून वेगळी निघाली, तर त्यातून जाळ्याचा पूर्ण नकाशा हाती येतो. प्रत्येकाचं झाड हेच त्याचं नाव होतं. जोडणी जितकी वेडीवाकडी, तितकी निनावी नोडांची सोय. सुबक, समान, नेटकी जाळी त्यांना आंधळं करतात.

संख्या माहीत नसेल तर ती शोधून काढता येईल का, हा पुढचा प्रश्न. सगळेच सारखे असतील तर नाही. पण त्यातला एकच जण वेगळा असला, त्याला नेता म्हणू, तर चित्र पालटतं. इतकं, की जाळं स्थिर नसलं तरी चालतं. दर फेरीला जोडण्या बदलत असतील, आजचा शेजारी उद्या दुसरीकडे गेला असेल, तरी मोजणी होते. यावर आधी निघालेल्या पद्धतींना प्रचंड फेऱ्या लागत. जुझेप्पे दी लूना आणि जोव्हान्नी विल्येत्ता यांनी २०२२ साली ते काम नोडांच्या संख्येच्या सुमारे तिप्पट फेऱ्यांवर आणलं.

त्यांच्या हिशेबाची मूळ कल्पना शाळकरी गणिताची आहे. आजवरचा इतिहास ज्यांचा सारखा, ते सगळे एका गटात धरायचे. समजा एका फेरीला नेत्याला एका गटाकडून तीन निरोप आले आणि त्या गटातल्या प्रत्येकाला नेत्याकडून एक. तारा दोन्ही बाजूंनी मोजल्या तरी तेवढ्याच भरल्या पाहिजेत. म्हणून त्या गटात तीन जण आहेत. आता त्या गटातल्या प्रत्येकाला दुसऱ्या एका गटाकडून दोन निरोप आले आणि दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला पहिल्या गटाकडून एक, तर दुसऱ्या गटात सहा जण. असं करत करत सगळ्या गटांची शिरगणती होते. नेता नसता तर याच हिशेबातून फक्त प्रमाण हाती लागलं असतं, एकास दोन किंवा दोनास तीन; आकडा नाही. नेत्याचा गट एकाचाच आहे, एवढ्या एका माहितीवर सगळी मोजणी उभी राहते.

हार्वर्डमध्ये मायकेल रुबेनस्टीन, अलेहांद्रो कॉर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी २०१४ साली १,०२४ छोट्या यंत्रमानवांचा थवा सपाट टेबलावर सोडला, तेव्हा त्यांनीही अशीच थोडी विषमता मुद्दाम पेरली होती. किलोबॉट नावाची ही यंत्रं रुंदीला ३३ मिलिमीटर, तीन ताठ पायांवर थरथरत सरकणारी. सगळ्यांत प्रोग्राम एकच. त्यांना वरून पाहणारा कॅमेरा नाही की सूचना देणारा कोणी मुकादम नाही. फक्त चार यंत्रं ‘बीज’ म्हणून हाताने मांडली. बीजाने शून्य सांगायचं आणि इतरांनी आपल्या शेजाऱ्यांतला सगळ्यात लहान आकडा ऐकून त्यात एक मिळवायचा. एवढ्यावर प्रत्येकाला आपण बीजापासून किती पावलं दूर आहोत ते कळतं, आणि थव्याच्या कडेला कोण आहे याचाही अंदाज येतो. शेजारी किती लांब आहे, हे त्याच्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या तेजावरून. सुमारे बारा तासांत या थव्याने ताऱ्याचा आणि इंग्रजी के अक्षराचा आकार घेतला.

बाहेरून नेता नेमता येत नसेल तेव्हा उरतं ते नाणं. प्रत्येक नोडने स्वतःसाठी ६४ बिटांची यादृच्छिक संख्या निवडली, तर हजार नोडांत दोघांची संख्या एकच निघण्याची शक्यता शंभर लाख कोटींत तीनहूनही कमी. व्यवहारात एवढं पुरे; नावं मिळाली, आणि शेजारी एकमेकांचे शेजारी आहेत का हा प्रश्न एका फेरीत सुटतो. पण नाण्यालाही मर्यादा आहेत. अलोन इटाई आणि मायकेल रोडे यांनी १९८१ साली दाखवलं, की वर्तुळातल्या नोडांची संख्या माहीत असेल तर नाणी उडवून नेता निवडता येतो. पण संख्या माहीत नसेल तर ती हमखास बरोबर मोजून थांबणारी पद्धत नाण्यानेही बनत नाही. लहान वर्तुळात नाणी जशी पडली तशीच मोठ्या वर्तुळात पुन्हा पुन्हा पडत गेली, तर मोठ्या वर्तुळातले नोड लहान वर्तुळातल्यांइतक्याच आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देऊन मोकळे होतील. शक्यता बारीक असेल, शून्य नाही.

निसर्गाने नाण्याची ही युक्ती कधीच आत्मसात केली आहे. फळमाशीच्या अंगावरचे संवेदी केस नीट अंतर राखून उगवतात. केस जिथून उगवणार त्या जागी सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात. त्यातली एखादी पुढे येते, डेल्टा नावाचं प्रथिन आपल्या पृष्ठभागावर वाढवते आणि स्पर्शाने शेजारणींना थोपवते. येहुदा आफेक, नोगा आलोन, झिव्ह बार-जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सायन्स या नियतकालिकात हा प्रकार संगणकशास्त्राच्या नजरेतून मांडला. पेशीला आपल्याला शेजारणी किती हे ठाऊक नसतं, त्या कोणाशी जोडलेल्या आहेत हे ठाऊक नसतं, आणि ते शोधायचा ती प्रयत्नही करत नाही. कोणतीही पेशी केव्हाही पुढे येऊ शकते. आणि जसजसा वेळ जातो तसतशी उरलेल्या पेशींची पुढे येण्याची शक्यता वाढत जाते. निवड झालेल्या दोघी एकमेकींना चिकटून नसतात आणि निवड न झालेल्या प्रत्येकीच्या शेजारी एक निवडलेली असते. नेटवर्कवाले ज्यासाठी वर्षानुवर्षं खपले, ते काम माशीच्या पेशी शेजाराचा नकाशा न काढताच करतात. या शोधावरून त्या गटाने सेन्सर-जाळ्यांसाठी नवा अल्गोरिदमही तयार केला.

या सगळ्याचा संबंध आज अगदी अनपेक्षित ठिकाणी येऊन भिडला आहे. नवी औषधं शोधताना रेणूंचे गुणधर्म वर्तवण्यासाठी ग्राफ न्यूरल नेटवर्क वापरतात. त्यात रेणूतला प्रत्येक अणू म्हणजे एक नोड. तो शेजारच्या अणूंकडून संदेश घेतो, आपली नोंद सुधारतो, पुन्हा पाठवतो. अणूंना नावं नसतात. कार्बन म्हटलं की सगळे कार्बन सारखे. म्हणजे हे निनावी जाळंच झालं, आणि त्याची आंधळी जागाही तीच. २०१९ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं, की अशा साध्या नेटवर्कची नजर बोरिस वाइसफायलर आणि आंद्रेई लेमान यांच्या १९६८ मधल्या रंग-पद्धतीपलीकडे जाऊ शकत नाही. ती पद्धत म्हणजे तेच झाड, दुसऱ्या रूपात.

डेकॅलिन आणि बायसायक्लोपेंटिल हे दोन रेणू घ्या. दोन्हींत दहा कार्बन, अठरा हायड्रोजन. डेकॅलिनमध्ये सहा-सहा कार्बनांची दोन कडी एका बाजूने एकमेकांना चिकटलेली असतात. बायसायक्लोपेंटिलमध्ये पाच-पाच कार्बनांची दोन कडी एका बंधाने जोडलेली. कागदावर काढले तर शाळकरी मूलही फरक दाखवेल. पण अणूच्या जागी बसून पाहिलं तर? दोन्हींत तीन कार्बन-शेजारी असलेले दोन कार्बन, तेही एकमेकांना लागून. त्यांच्या बाजूला दोन शेजारीवाले चार, त्यांच्यापुढे तसेच आणखी चार. टकटक सारखीच ऐकू येते, आणि साधं ग्राफ नेटवर्क दोन्ही रेणूंना एकच उत्तर देतं.

यावर अणूंना यादृच्छिक खुणा देऊन पाहिल्या गेल्या आहेत. कडी त्याने ओळखता येतात, पण मग एकाच रेणूला दर वेळी थोडं वेगळं उत्तर मिळू शकतं आणि ते सरासरी काढून स्थिर करावं लागतं. म्हणून दुसरा मार्गही वापरात आहे: नेटवर्क सुरू होण्याआधीच साध्या प्रोग्रामने रेणूतली कडी मोजून घ्यायची, आणि कोणता अणू किती मोठ्या कड्यात आहे ते त्या त्या अणूच्या नोंदीत लिहून ठेवायचं. डेकॅलिनच्या दहाही कार्बनांवर सहा लिहिलेलं असतं, बायसायक्लोपेंटिलच्या दहाही कार्बनांवर पाच, आणि पहिला निरोप निघण्याआधीच दोन रेणू वेगळे झालेले असतात.